दागिने हरवण्याच्या त्याच त्या चुका टाळा

म्हापशात आमचं सोनारकामाचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. महिन्यातून एकदा तरी असा चेहरा आत येतो की बघताक्षणी कळतं, काहीतरी हरवलंय. पुढचं वाक्यही पाठ झालंय: "शेट, तसंच दुसरं करून मिळेल?" मिळेल. पण ते आजीचं नसेल, हे त्यांनाही ठाऊक असतं आणि मलाही.

चोरीचं सोडा. माझ्यापर्यंत येणारी बहुतेक गाऱ्हाणी घरातल्या घरातली असतात, आणि सुरुवात एकच: "एक मिनिट काढून ठेवली होती हो."

माझ्या आईची पोवळ्याची अंगठी अशीच गेली. रविवारची सकाळ, ओट्यावर मोठाले शेवटे मासे. हाताचा वास अंगठीला लागतो म्हणून तिनं ती काढली, आणि ओल्या ओट्यावर नको म्हणून वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळली. त्याच पेपरच्या बाकीच्या तुकड्यांत खवले आणि कल्ले. सगळी पुडकी एकदम उचलली गेली, ती परसातल्या माडाच्या आळ्यात. आठवण झाली संध्याकाळी. तोवर मांजरानं निम्मं उकरून झालं होतं.

वडील काही बोलले नाहीत. दुकानातून झार धुवायचं घमेलं घेऊन आले. सोनाराच्या दुकानातला केर कुणी फेकत नाही; झारेकरी तो धुऊन त्यातले सोन्याचे कण काढतो. तीच युक्ती. सोमवारी आळ्यातली माती घमेल्याघमेल्यानं विहिरीपाशी नेली, पाणी घालून हलवत वरचा गाळ सांडत राहिलो. सोनं जड, ते तळाला बसतं. सातव्या की आठव्या घमेल्यात पोवळं दिसलं, एक खवला अजून चिकटलेला. वडिलांनी तो नखानं काढला, अंगठी धुतली आणि आईच्या हातात दिली. त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे. ओट्याच्या वर फळीवर एक पितळी वाटी. अंगठी एक तर बोटात, नाहीतर वाटीत. तिसरी जागाच नाही. कागद, टिश्यू, रुमाल यांत दागिना कधीही गुंडाळू नका. गुंडाळलेली वस्तू कचऱ्यासारखी दिसते आणि कुणीतरी कामसू माणूस ती टाकून देतो.

बेसिनमध्ये पडली तर आधी नळ बंद. खालच्या वाकड्या पाईपात किंवा बाटलीसारख्या भागात ती बहुधा अडकलेली असते. खाली बादली ठेवा, तो भाग हातानं फिरवून काढा. घाबरून वरून पाणी सोडणारे बघितले की मला कपाळावर हात मारावासा वाटतो.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे मंगळसूत्रात अडकवलेल्या सेफ्टी पिना. सोय म्हणून दोन-चार पिना तिथंच लटकत असतात. २२ कॅरेटमध्ये सोनं ९१.६ टक्के, म्हणजे मऊ काम. पिन पोलादाची. चालताना, वाकताना ती कडीवर घासत राहते आणि कडी आतून खाऊन टाकते. एक बाई सांगत आल्या, "अचानक तुटलं." भिंगाखाली धरलं तर शेवटची कडी शिवणाच्या धाग्याएवढी उरलेली. अचानक काही तुटत नाही, बायांनो. फासा, म्हणजे अडकवायची आकडी, आणि त्याच्या शेजारच्या दोन कड्या उजेडात धरून आतल्या बाजूनं बघा. एका जागी बारीक दिसली की डाख द्यायला, म्हणजे धातू वितळवून सांधायला आणा. मी घरच्यांचे दागिने चवथीच्या आधी तपासतो, कारण चवथीला सगळं अंगावर चढतं.

आणि कृपा करून झटपट चिकटवायचा गोंद लावून आणू नका. तो जाळून, खरवडून काढल्याशिवाय डाख धरत नाही. दोन मिनिटं वाचवायला जाता आणि माझा अर्धा तास जातो. वर मजुरी जास्त का म्हणून विचारता.

कुड्यांची फिरकी सैल लागली तर त्याच दिवशी बदला.

गणपतीला घातलेली साखळी, सोन्याचांदीचे मोदक, दुर्वा विसर्जनाला निघताना घरातच काढा आणि मोजा. ओहोळाच्या काठावर, आरतीच्या गडबडीत नको.

आता समुद्र. गार पाण्यात बोटं आकसतात, वर सनस्क्रीनचा बुळबुळीतपणा. जेवताना घट्ट बसणारी अंगठी पाण्यात सहज सुटते. तरी लग्न होऊन चार दिवस झालेली जोडपी कळंगुटला कमरेपर्यंत पाण्यात उभी! पडलीच तर नाचू नका, पायांनी ती वाळूत आणखी खाली जाते. दोन दिशांना दोन खुणा धरा: कुठला माड किनाऱ्यावरच्या कुठल्या शॅकच्या, खाणावळीच्या झोपडीच्या, रेषेत येतो ते. मग ओहोटीची वाट बघा. तेवढा धीर नवख्यांना नसतो. तासाभरात सगळी वाळू तुडवून मग ते मेटल डिटेक्टरवाला शोधायला निघतात. सांजावला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, २४ जूनला, विहिरीत उडी मारणाऱ्या पोरांनाही मी हेच सांगतो, अंगठी आधी आईकडे द्या. पण विहिरीचं एक बरं असतं, विहीर उपसता येते.

फोटो काढून ठेवा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख नंबर, असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही, त्यामुळे नव्या दागिन्याची ओळख त्या नंबरावरून पटते. आजीच्या पाटलीवर कसला नंबर? तिच्याशेजारी रुपयाचं नाणं ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, वजन लिहा, आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनवर पाठवा.

मोत्याच्या सरांचा धागा आमच्या पावसाळ्यात कुजतो. प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून ओवलेला सर घ्या, तुटला तर एकच मोती घरंगळतो.

शेवटचं थोडं कडू आहे. जुनं आटवून नवी डिझाईन करून घेणं, यालाही मी हरवणंच म्हणतो. माझा धंदा त्यावरच चालतो, तरी म्हणतो. एका मुलीनं आजीच्या कुड्या आटवायला दिल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धावत आली, नको म्हणून. मुशीत गोळा झाला होता. आता आटवायला आणलेला जुना दागिना मी आठ दिवस तसाच ठेवतो, भट्टी लावत नाही. घाई असेल त्यानं दुसरं दुकान बघावं. आणि कड्या तपासायला यायचं असेल तर शुक्रवारी येऊ नका, बाजाराचा दिवस असतो, भिंग हातात घ्यायलासुद्धा फुरसत नसते.