सोलर-गिझरच्या पोटातला साका कसा काढावा

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या रो-हाऊसवर पाणी तापवायचा २०० लिटरचा, २० काचेच्या नळ्यांचा सोलर आहे आणि बाथरूममध्ये १५ लिटरचा गिझर. अंबडच्या कारखान्यात मी २६ वर्षं मेंटेनन्सला होतो, पण घरच्या सोलरकडे पहिली पाच वर्षं ढुंकूनही पाहिलं नाही. डिसेंबरात पाणी कोमट यायला लागलं, तेव्हा ही म्हणाली, "अहो, तिथली मशिनं सांभाळलीत, इथं मी बंब पेटवू का?"

एक नळी उतरवली. तळाशी वीतभर तपकिरी चिखल आणि वर अंड्याच्या टरफलासारखे पांढरे पापुद्रे. चिखल गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतून आलेला, पापुद्रे बोअरच्या जड पाण्याचे.

माझा भाचा इंग्लंडला असतो. तो म्हणाला, "मामा, बॉयलरचा चुंबकवाला फिल्टर पाठवू का?" त्यांच्याकडे घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमधून तेच ते पाणी फिरतं, आतलं लोखंड गंजून काळा गाळ होतो आणि तो चुंबकाला चिकटतो. आपल्याकडे रोज नवं पाणी, थर बसतो तो चुन्याचा. त्याला चुंबक काय करणार?

म्हणून सुरुवात गच्चीवरच्या टाकीपासून करा. सोलरला जाणारा पाइप टाकीच्या बुडापासून चार बोटं वर हवा, म्हणजे साका खाली राहतो. त्या पाइपवर वाय-स्ट्रेनर, म्हणजे इंग्रजी Y च्या आकाराची गाळणी, बसवा आणि पावसाळ्यात त्याची जाळी दर महिन्याला धुवा. बोअरचं पाणी बागेला आणि फरशीला ठेवा; शक्य असेल तर गरम पाण्याच्या लाइनला ते देऊच नका.

नळ्या मी दिवाळी झाली की धुतो. आदल्या दिवशी त्यांच्यावर ताडपत्री टाकायची आणि गरम पाणी वापरून संपवायचं. सकाळी ऊन यायच्या आत गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून सोलरची टाकी रिकामी करायची. नळीच्या बुडाचा कप सैल करा, रबरी रिंगला साबणाचं पाणी लावा, नळी फिरवत आधी थोडी वर टाकीत सरकवा आणि मग खाली ओढा. दोन माणसं हवीतच, कारण आत अडीच-पावणेतीन लिटर पाणी असतं. आत लोखंडी सळई घालू नका. लांब दांड्याचा मऊ ब्रश घ्या. थर हटत नसेल तर लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून नळी तासभर भरून ठेवा. संडास धुण्याचं ॲसिड मात्र नको, स्टीलच्या टाकीला भोकं पडतात.

पहिल्यांदा नळ्या धुतल्या तेव्हा मी ताडपत्री टाकली नव्हती. काम लांबलं, बारा वाजले, आणि तापलेल्या कोरड्या नळ्यांत गार पाणी सोडलं. तड, तड, तड. तीन गेल्या. शेजारचे काका गॅलरीत चहा पीत होते, ते काहीच बोलले नाहीत, हेच जास्त लागलं.

गिझरचं काम त्यापेक्षा सोपं, पण वीज आहे. बोर्डातला गिझरचा एमसीबी (वीज तोडायचा स्विच) पाडा, टेस्टरने खात्री करा, पाणी गार होऊ द्या. गार पाण्याचा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ उघडा, मग खालचा इनलेटचा व्हॉल्व्ह सोडवा; पाणी तिथूनच निघतं. तळाचं झाकण उघडण्याआधी वायरींचा फोटो काढा. वॉरंटी असेल तर इथेच थांबा आणि मेकॅनिक बोलवा. कॉइलवरचा थर सुरीने खरवडू नका. लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवा, वायरी जोडायची टोकं मात्र वर कोरडी ठेवा. शेजारी मॅग्नेशियमचा रॉड असतो. टाकीऐवजी तो गंजतो, त्यासाठीच बसवलेला असतो. आतली तार दिसू लागली की नवा टाका. गॅस्केट, म्हणजे झाकणाखालची रबरी चकती, तीही नवीच.

सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब गळतात म्हणून काहीजण त्याला बूच मारतात. असलं काही करू नका. सोलरच्या एअर व्हेंटचंही (टाकीत हवा ये-जा करायची नळी) तसंच, तो तुंबला तर टाकी आत दबते. मी दरवर्षी तारेने त्यातलं गांधीलमाशीचं घर काढतो.

शेवटी दोन्हीकडे पाणी भरा. गरम नळातून सलग धार येईपर्यंत गिझर लावायचा नाही, कोरडी कॉइल जळते. तापमान ५५-६० वर ठेवा, फार कढत पाण्यात थर लवकर धरतो. पहिली बादली गढूळच येईल. ती आमच्याकडे जिन्याखाली जाते, फरशी पुसायला.