घंगाळ चमकत नाय? मग घंगाळाकडं नको, शेडकडं बघा

उद्यमनगरातल्या शेडसारखी एक लेव्हल करायला घेतलेली मी, युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, यूआरपीवर (म्हणजे युनिटीची चित्र रेंडर करायची एक पद्धत, युनिव्हर्सल रेंडर पाइपलाइन). लेथ, फाउंड्रीचे साचे, कोपऱ्यात बफिंगचं मशीन आणि टेबलावर पॉलिशला आलेली तांब्याची घंगाळं. बाकी सगळं झकास जमलं, घंगाळं सोडून. मटेरियलचं मेटॅलिक (धातूपणा) १, स्मूथनेस (गुळगुळीतपणा) ०.९ ठेवून प्ले केलं आणि बघतोय तर चारी बाजूनं बंद शेड, वर पत्रा, आणि घंगाळावर निळंशार आभाळ. मित्र म्हणाला, "भावा, वारं सुटून पत्रा उडाला काय रं?"

झालेलं असं की जवळपास रिफ्लेक्शन प्रोब (भोवतालचं चित्र टिपून चकचकीत वस्तूंना प्रतिबिंब म्हणून देणारा) नसला की युनिटी सरळ स्कायबॉक्सचं, म्हणजे लेव्हलभोवतीच्या आभाळाच्या चित्राचं प्रतिबिंब घेतंय, मग तुम्ही तळघरात असा नायतर माळावर. आणि प्लॅस्टिक, लाकूड यांना स्वतःचा रंग तरी असतोय, समोरून आलेल्या उजेडातला साधारण ४ टक्केच ती आरशागत परत फेकतात, पण धातूचं सगळं दिसणंच असं आरशागत परत फेकलेल्या उजेडावर चालतंय. म्हणजे भोवती जे हाय तेच त्याच्यावर दिसणार, आणि भोवती काय नसलं तर काय दिसणार, काळा तवा.

तर पहिलं काम मटेरियल नाय, एक गोळा. साधा स्फिअर टाका, मेटॅलिक १, स्मूथनेस १, आणि तो घेऊन लेव्हलभर फिरा. त्याच्यात जे दिसतंय तेच तुमच्या भांड्यांना मिळणार.

मग खोलीच्या मधोमध, माणसाच्या डोळ्याच्या उंचीला एक रिफ्लेक्शन प्रोब ठेवा, त्याचा बॉक्स भिंतींपर्यंत ओढा आणि बॉक्स प्रोजेक्शन ऑन करा. यूआरपी असंल तर यूआरपी असेटमध्येही त्याची टिक लागते, तिथंच माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. ही टिक नसली की प्रतिबिंब लई लांबचं असल्यागत वागतंय, भिंतीजवळ गेलं तरी जवळ येत नाय. भिंती, छप्पर, मशिनं यांना रिफ्लेक्शन प्रोब स्टॅटिक करा, नायतर बेक केल्यावर (प्रोबचं चित्र आधीच काढून साठवल्यावर) ती प्रोबमध्ये येतच नायत, पण चकचकीत भांड्यांना मात्र करू नका, भांड्यात तेच भांडं तरंगताना दिसतंय. रिझोल्यूशन १२८ असतंय, एका खोलीला २५६ पुरे. दुप्पट केलं की मेमरी चौपट जाते हे ध्यानात ठेवा.

बेक केलं आणि आभाळ गेलं, पण आता घंगाळ काळं ठिक्कर. कारण शेडच अंधारी. मी पॉइंट लाइट वाढवत बसलो, तर भांड्यावर नुसता एक ठिपका चमकायला लागला. लाइट म्हणजे काय वस्तू नव्हं, तो प्रोबला दिसत नाय. ट्यूबलाइटची जी लांब पांढरी पट्टी भांड्याच्या पोटावर वाकून उमटते ना, तिच्यासाठी खरीखुरी ट्यूब मॉडेल करा, तिला एमिशन (स्वतःचा उजेड) द्या, इंटेन्सिटी चांगली चढवा, स्टॅटिक करा आणि परत बेक. पत्र्यात दोन फायबरचे पारदर्शक पत्रे टाकले, दार अर्धं उघडं ठेवलं, आणि घंगाळ जे उठलं, नाद खुळा! मटेरियलला हात पण लावला नव्हता.

आता रंग. तांब्याला बेस मॅपमध्ये (मटेरियलचा मूळ रंग) लाल-हिरवा-निळा असे २५०, २०९, १९४ च्या आसपास, चांदीला २५२, २५०, २४५, लोखंडाला १९६, १९८, २००. तांब्याचा आकडा फिकट गुलाबी वाटंल, घाबरू नका, गडद तपकिरी टाकलात तर भांडं मळकट दिसणार. मेटॅलिक एक तर ० नायतर १, मधलं काय नाय. गंज आणि ऑइलपेंट म्हणजे ०.

स्मूथनेसवर मात्र वेळ घालवा. आजीचं घंगाळ चिंच-मीठ लावून घासलेलं आठवा. पोट आरशागत, पण कडीच्या खाली हात पोचत नाय तिथं काळपट राहिलंय, काठावर बोटांचे ठसे, पाणी वाळल्याचे गोल डाग, आणि घासल्याचे बारीक ओरखडे सगळे गोल गोल फिरलेले. एवढं सगळं एकाच करड्या टेक्स्चरमध्ये येतंय, पोटाला ०.९, ठशांना ०.७, कडीखाली ०.४. मठारलेले ठोके हवे असतील तर ते नॉर्मल मॅपमध्ये (खोलगट-उंच भासवणारं टेक्स्चर), प्रत्येक ठोक्यात ट्यूबचा तुकडा वेगळा तुटतोय, बघायला लई भारी. स्मूथनेस मेटॅलिक मॅपच्या अल्फात (लाल-हिरवा-निळा सोडून चौथ्या चॅनेलात) जातंय, म्हणून फाइल जेपीजी करू नका. जेपीजीला अल्फा नसतोय, मग सगळीकडं १ धरला जातो आणि सगळं भांडं आरसा. पीएनजी नायतर टीजीए.

रिअलटाइम प्रोबच्या नादाला शक्यतो लागू नका, सहाही बाजू परत परत रेंडर होतात आणि साध्या लॅपटॉपचा पंखा विमानागत ओरडतोय. दार उघडल्यावर प्रतिबिंब बदलायलाच पाहिजे असंल तर रिफ्रेश मोड व्हाया स्क्रिप्टिंग ठेवा आणि दार उघडंल तेवढ्यापुरतं एकदा रेंडर करा.

आणि तो गोळा बिल्ड करायच्या आधी काढा. माझा शेडमध्ये तसाच राहिलेला, टेस्टिंगला बसवलेला पोरगा पंधरा मिनिटं बोनस समजून त्याच्यावर उड्या मारत होता.