खळ्यात ‘नुकित्सामेस’ दाखवायचा तर

वाडीतल्या पोरांना एस्टोनियाचा हा १९८१चा सिनेमा दाखवायचा असेल तर दिवाळीनंतरचे दिवस धरा. पाऊस गेलेला असतो, खळं नुकतंच सारवलेलं असतं. दिग्दर्शिका हेल्ले कारिस, मूळ गोष्ट ओस्कर लुत्स यांची. इती आणि कुस्ती ही भावंडं रानात वाट चुकतात, रानातल्या म्हातारीच्या तावडीत सापडतात आणि पळताना तिथलं शिंगं असलेलं पोरही घरी घेऊन येतात. जाहीर खेळाच्या परवानगीसाठी एस्टोनियन फिल्म इन्स्टिट्यूटला आधीच लिहा.

पडद्याला ८ फूट रुंद, ६ फूट उंच मांजरपाट दुहेरी शिवून घ्या. एकेरी कापडातून उजेड पलीकडे निघून जातो नि चित्र फिकं पडतं. वर-खाली बांबू घालून चारी कोपरे सुतळीने ताणा. खालचा बांबू मोकळा राहिला की पडद्याचं शीड झालंच! पडद्याचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा. संध्याकाळचा खारा वारा पश्चिमेचा, रात्रीची मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, पूर्वेची. दोन्ही मग पडद्याच्या कडेने निघून जातात.

प्रोजेक्टर ३००० लुमेनचा पुरतो. थ्रो रेशो, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी, १.५ असेल तर तो पडद्यापासून १२ फुटांवर येईल. वर दंवासाठी झापाचा आडोसा करा, पण गरम हवेची जाळी झाकू नका. पाखरं भिंगावर येतात, म्हणून मागे लांब एक बल्ब जळता ठेवा.

मराठी अक्षरं पडद्यावर आणलीत तर ती चित्रातच पक्की बसवून घ्या. पेनड्राइव्हवरून वेगळी फाइल लावली की पुष्कळ प्रोजेक्टर जोडाक्षरं फोडतात. पण लहान पोरं वाचणार कधी? त्यापेक्षा दशावतारातला, संवाद जाग्यावर रचणारा नट गाठा, त्याला सिनेमा तीनदा दाखवा आणि माईक हातात द्या. मालवणीत, दशावतारातल्या विनोदी शंकासुराच्या ढंगात बोलू दे. फक्त दोन गोष्टी बजावा. म्हातारीला हडळ म्हणायचं नाही. हडळ मेलेल्या बाईची होते, हिचं तर घरदार, पोरंबाळं आहेत. आणि शिंगवाल्या पोराला चुकूनही देवचार म्हणायचं नाही. देवचार गावचा राखणदार, त्याच्यावर हसायचं म्हटलं तर म्हाताऱ्या उठून जातील. नाव नुकित्सामेसच राहू दे. त्यातल्या ‘मेस’चा अर्थ माणूस, एवढं सुरुवातीला सांगितलं की पुरे.

सिनेमाचे संगीतकार ओलाव एहाला यांची गाणी आली की माईक बंद. आणि नटाला स्पीकरच्या मागे बसवा, पुढे बसला की माईक शिट्टी मारतो.