ठरलेल्या प्रकरणाशी थांबा: रहस्यकादंबऱ्यांच्या ऑनलाइन वाचनगटात शिरताना

वाचनगटात आल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मी खुनी फोडला. नाव घेतलं नव्हतं, पान सांगितलं नव्हतं. "मग ती मागच्या दाराने बागेत गेली असणार," एवढं एकच वाक्य टाकलं. पुस्तक इंग्रजी, गप्पा मराठीत. लेखकाने दीडशे पानं 'रेनकोटातली आकृती' म्हणून निभावून नेलेली गोष्ट माझ्या एका वेलांटीने उघडी पाडली. सात संशयितांपैकी पाच पुरुष होते. एका सभासदाने लगेच लिहिलं, "आभारी आहे, पाच जणांची उलटतपासणी टळली."

खरी चूक त्याआधीची होती. त्या आठवड्यात नवव्या प्रकरणाशी थांबायचं ठरलं होतं आणि मी रात्री दोनपर्यंत जागून पुस्तक संपवलं होतं. शेवट माहीत असलेल्या माणसाला भोळेपणाने बोलताच येत नाही. कुठेतरी जास्त जोर दिला जातो, कुठेतरी नको तेवढी शांतता पाळली जाते. म्हणून इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांच्या एखाद्या ऑनलाइन गटात जायचं मनात असेल, तर आधी स्वतःला विचारा: रंगात आलेलं पुस्तक सांगितल्या जागी मिटता येईल का? येत नसेल तर निदान शिकायची तयारी हवी. बाकी सगळं जमतं.

गट सापडणं अवघड नाही. गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर रहस्यकथांचे गट आहेत, डिस्कॉर्ड आणि टेलिग्राम या गप्पांच्या अॅपवर आहेत, कित्येक ग्रंथालयंही ऑनलाइन वाचनगट चालवतात. अवघड आहे ते आपल्या स्वभावाचा गट ओळखणं. सामील व्हायच्या आधी मागच्या दोन-तीन पुस्तकांवरच्या गप्पा सलग वाचून काढा. मी तीन गोष्टी बघते. पहिली, कुठपर्यंत वाचून कधी बोलायचं हे आधी जाहीर होतं का. "या महिन्यात हे पुस्तक" एवढंच सांगणाऱ्या गटात पाचव्या दिवशी कोणीतरी शेवट बोलून मोकळं होतं. "रविवारपर्यंत आठवं प्रकरण, पुढच्या रविवारी सोळावं" असं लिहिणारा गट चांगला. दुसरी, कोणी घोळ घातला तर गट काय करतो. आमच्या संचालकबाईंनी माझं वाक्य दोन मिनिटांत पुसलं, मला खासगीत समजावलं आणि चारचौघांत एक शब्द काढला नाही. तिथेच ठरवलं, हा गट सोडायचा नाही. तिसरी, बोलणारे किती. हजार सभासदांच्या गटातही बोलतात आठ-दहाच, तेव्हा आकड्याला भुलू नका. आमच्यात नऊ जण आहेत आणि पुरतात.

आणखी एक भेद आधीच तपासून घ्या. 'रहस्य' या एकाच पाटीखाली फार वेगवेगळी मंडळी जमतात. कोणाला दोन महायुद्धांमधल्या काळातलं कोडं हवं असतं: बंद खोली, हवेली, मोजके संशयित. कोणाला आजच्या पोलिसांचा तपास, कोणाला रक्त न दाखवणारी गावगप्पांची कथा. कोड्याचं वेड असलेला वाचक मानसशास्त्रीय थरारकथांच्या गटात गेला की "पण पुरावा कुठे दिला होता?" असं विचारून सगळ्यांना कंटाळा आणतो. स्वानुभव आहे.

अर्ज करताना मोठा परिचय लिहायची गरज नसते. मी पाठवलेला निरोप असा होता: "नमस्कार. मी निवृत्त कोर्ट-लघुलेखक. कोडी घालणाऱ्या जुन्या ब्रिटिश कादंबऱ्या वाचते. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडखळते. आठवड्याला शंभर पानं होतात. विषाचे खून आवडतात, हेरकथा नाही." गंमत म्हणजे शेवटच्या वाक्यालाच सर्वांत जास्त उत्तरं आली. वाचनाचा वेग खरा सांगा, आवड-नावड सांगा. पत्ता, जन्मतारीख, फोन नंबर देऊ नका. पहिल्या बैठकीआधीच पैसे मागणारा किंवा ठरावीक दुव्यावरूनच पुस्तक घ्यायला लावणारा गट सोडून द्या.

इंग्रजी बोलायची धास्ती अनेकांना असते. मलाही होती. लेखी गटापासून सुरुवात केली तर ती जाते, कारण उत्तर द्यायला अख्खा दिवस हातात असतो. प्रत्यक्ष बैठकीत मी पहिले दोन महिने फक्त एक तयार प्रश्न घेऊन जायचे: "खिडकी आतून बंद होती, हे आपल्याला कोणाच्या तोंडून कळलं?" असा एक प्रश्न विचारला की पुढची वीस मिनिटं बाकीचे बोलतात.

आता वेळेचं. ब्रिटनमध्ये घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. अमेरिकेत तेच मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतं. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक आठवडा सगळ्यांचा हिशेब चुकतो. "नेहमीच्या वेळी" असा निरोप आला की कोणत्या शहराची वेळ, ते विचारा. आणि बैठक झूमच्या मोफत खात्यावर असेल तर ती ४० मिनिटांनी तुटते. आमच्याकडे एकदा "तर माझ्या मते खुनी आहे..." इथेच तुटली. बोलणाऱ्याला वाटलं आम्ही मुद्दाम केलं.

पुस्तक मिळवताना दोन फसगती होतात. एक नावाची. ब्रिटनमध्ये एका नावाने निघालेली कादंबरी अमेरिकेत दुसऱ्याच नावाने निघायची. अगाथा ख्रिस्तीची १९३४ची 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस' अमेरिकेत 'मर्डर इन द कॅले कोच' झाली. १९३३ची 'लॉर्ड एजवेअर डाइज' तिकडे 'थर्टीन अॅट डिनर'. मी दोन्ही नावांची घेऊन बसले होते, दुसऱ्या प्रकरणात पाहुण्यांची नावं ओळखीची निघाली तेव्हा उजेड पडला. दुसरी फसगत पानांची. तुमचं पान ११२ म्हणजे दुसऱ्याच्या आवृत्तीतलं १४०, आणि ई-पुस्तकात अक्षर मोठं केलं की तिसरंच. म्हणून थांबायची जागा नेहमी प्रकरणात सांगायची. प्रकरणं लांबलचक असतील तर त्या जागेचं शेवटचं वाक्य द्यायचं.

जुन्या पुस्तकांपैकी पुष्कळशी प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि स्टँडर्ड ईबुक्सवर मोफत आहेत, लिब्रीव्हॉक्सवर ऐकताही येतात. मात्र लेखनहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा देशागणिक बदलतो. अमेरिकेत त्या काळातल्या पुस्तकांचा हक्क प्रकाशनानंतर ९५ वर्षं चालतो, ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. डोरोथी सेयर्स १९५७ साली गेल्या. त्यामुळे त्यांची १९२३ची पहिली कादंबरी अमेरिकेत केव्हाच खुली झाली, ब्रिटनमध्ये २०२७ संपेपर्यंत नाही. आपल्या देशात काय चालतं ते बघून उतरवून घ्या.

छापील नवी आवृत्ती घेतलीत तर प्रस्तावना शेवटी वाचा. मलपृष्ठही शेवटीच. अभ्यासपूर्ण प्रस्तावना लिहिणारे खुन्याचं नाव असं सहज सांगून जातात, जणू ते आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे. आणि पुस्तकाबद्दल शोधायला इंटरनेटवर जाऊ नका. शोधखिडकीत नुसतं एका पात्राचं नाव टाकलं तरी नावापुढे 'मृत्यू' हा शब्द आपोआप येतो.

वाचायला बसताना वही घ्या. एकतीस वर्षं साक्षी टिपण्यात गेल्यामुळे असेल, पण माझी वही दोन रकान्यांची असते. डावीकडे कोण काय म्हणालं, उजवीकडे ते खरं आहे हे आपल्याला कशावरून माहीत. एक नोंद दाखवते. डावीकडे: "मोलकरीण: साडेनऊला मालक फोनवर बोलत होते." उजवीकडे: "दाराबाहेरून ऐकलं. आवाज एकाचाच. घड्याळ कोणी पाहिलं?" या कादंबऱ्यांमधलं निम्मं रहस्य उजव्या रकान्यातल्या रिकाम्या जागांत असतं. पात्रांची यादीही करा, पण नात्यांसह. कोण कोणाचा सावत्र भाऊ आणि मृत्युपत्रात कोणाचं नाव कितवं, हे दहाव्या प्रकरणानंतर डोक्यात राहत नाही.

काही ठिकाणी भाषेपेक्षा जुना ब्रिटिश संसार आडवा येतो. १९७१ आधी १२ पेन्सचा शिलिंग आणि २० शिलिंगांचा पौंड. हिशेबाच्या वहीतला घोळ यावाचून कळत नाही. टपाल दिवसातून अनेकदा वाटलं जाई, म्हणून सकाळी टाकलेलं पत्र त्याच संध्याकाळी पोचून घात करू शकतं. संखिया विकताना औषधविक्रेत्याला नोंदवहीत सही घ्यावी लागे आणि ती वही हमखास तिसऱ्या प्रकरणात उघडते. माझ्या जिव्हाळ्याचा विषय कॉरोनरचा, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचा. ती चौकशी म्हणजे खटला नव्हे. मेलं कोण, कधी, कुठे, कसं, एवढं ठरवायचं. पण त्या काळी कॉरोनरच्या ज्युरीला खुनी म्हणून थेट नाव घेता येत असे आणि त्यावर माणूस खटल्याला उभा राहत असे. १९७७च्या कायद्याने तो अधिकार गेला. हे माहीत नसलं की 'इतक्या लवकर निकाल कसा लागला' असं वाटतं. असे प्रश्न गटात बेधडक विचारा, त्यांनी काही फुटत नाही आणि उत्तर द्यायला सगळे टपलेले असतात.

लिहिताना काय झाकायचं आणि कसं, ते पहिल्याच दिवशी शिकून घ्या. डिस्कॉर्डवर मजकुराच्या दोन्ही टोकांना दोन-दोन उभ्या रेघा घातल्या की तो झाकला जातो आणि बोट लावल्यावर दिसतो. टेलिग्राममध्येही अशी सोय आहे. पण फोनच्या पडद्यावर निरोपाची पहिली ओळ आपोआप झळकते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. म्हणून जिथे झाकायची सोय नाही तिथे आमच्यात पहिली ओळ नुसती "नवव्या प्रकरणापर्यंत" अशी असते, मग चार-पाच रिकाम्या ओळी, मग मजकूर. आणि माझ्या प्रतापानंतर आणखी एक नियम झाला: खुनी म्हणायचं नाही, 'ती व्यक्ती' म्हणायचं. व्यक्ती व्याकरणाने कायम स्त्रीलिंगी. "ती व्यक्ती बागेत गेली" म्हटलं की पाद्रीही संशयित राहतो आणि त्याची बहीणही.

कानाने पुस्तक ऐकणारे गटात असतील तर त्यांना सांभाळून घ्या. त्यांना मागे जाऊन एखादी ओळ शोधणं कठीण पडतं, आणि नावाची अक्षरं दिसत नसल्यामुळे पत्रावरच्या सहीतली खोच निसटते. उलट वेषांतर केलेल्या माणसाला वाचणाऱ्याने तोच आवाज दिला, तर त्यांना आपल्याआधी सगळं कळतं.

शेवटच्या टप्प्याआधी आमच्याकडे लिफाफे बंद होतात. म्हणजे प्रत्येकाने संचालकबाईंना खासगीत पाठवायचं: कोण, का, कसं, आणि कोणत्या प्रकरणातल्या कोणत्या वाक्यावरून. नाव बरोबर आलं तर एक गुण, वाक्य बरोबर आलं तर तीन. नुसतं नाव म्हणजे सोडत आहे, सात संशयितांत कोणाचंही लागेल. शेवट वाचून झाल्यावर रोनाल्ड नॉक्स या पाद्री-लेखकाचे १९२९चे दहा नियम समोर ठेवून लेखकाचीच तपासणी होते. गुन्हेगार कथेत लवकर दिसला होता का? गुप्त दारं एकाहून जास्त तर नाहीत? जुळा भाऊ आयत्या वेळी तर उगवला नाही? १९३०मध्ये लंडनला लेखकांनी डिटेक्शन क्लब काढला, जी. के. चेस्टरटन त्याचे पहिले अध्यक्ष. तिथे नव्या सभासदाकडून वाचकापासून महत्त्वाचा पुरावा न लपवण्याची शपथ घेत, आणि शपथेसाठी एरिक नावाची कवटी ठेवलेली असे. आमच्याकडे कवटी नाही. माझं ते पुसलेलं वाक्य मात्र कोणीतरी टिपून ठेवलंय आणि नवीन सभासदाला ते पहिल्या दिवशी वाचून दाखवतात.

सहा-आठ महिन्यांनी पुस्तक निवडायची पाळी तुमच्यावर येईल. स्वतःचं लाडकं पुस्तक देऊ नका, कोणी त्याला नावं ठेवली की आठवडाभर झोप लागत नाही. आधी एकदा पूर्ण वाचून घ्या, ते छापील, ई आणि श्राव्य यांपैकी निदान दोन रूपांत मिळतं का बघा, दोन्ही नावं कळवा. मग थांबायच्या जागा ठरवा. लेखकाने प्रकरणाच्या शेवटी धक्का ठेवलेला असतो, तिथे माणूस थांबत नाही. मी आता अशा प्रकरणाच्या अलीकडे, दोन पात्रं हवापाण्याच्या गप्पा मारत असतात तिथे रेघ मारते. पुढच्या महिन्याचं पुस्तक माझं आहे. पहिला थांबा सहावं प्रकरण, वकील हॅट उचलून निघतो तिथे. दार उघडू द्यायचं नाही.