गावातल्या शूटिंगच्या आठवणी कशा गोळा कराव्यात

कोकणातल्या गावात शूटिंग होऊन गेलं की नटांची नावं सगळ्यांच्या तोंडी राहतात. जनरेटरची गाडी आत घ्यायला कुणाचा गडगा (दगडी कुंपण) पाडला आणि तो परत कुणी रचून दिला, हे मात्र दोन-चार जणांनाच ठाऊक असतं, आणि तेच आधी हरवतं. म्हणून नटासोबत फोटो काढलेल्यांपासून सुरुवात करू नका. घर भाड्याने दिलेले, जेवण पुरवणाऱ्या बायका, होडीवाले, वायरमन, गर्दीत उभे राहिलेले आणि त्या वेळचे पोलीस पाटील यांची यादी आधी करा. वय झालेल्यांकडे सर्वांत आधी जा.

"आठवणी सांगा" म्हटलं की "मजा आली हो" एवढ्यावर विषय संपतो. कामाबद्दल विचारा. रांधणाऱ्या काकींना विचारायचं: रोज किती ताटं? पहिला चहा पहाटे किती वाजता? मासे कुठल्या बंदरावरून? चुलीवर की गॅसवर? हिशेब रोजचा की शेवटी? ताटांचा आकडा आठवला की भांडी कुणाकडून मागून आणली तेही आठवतं, आणि मग सगळी वाडी बोलण्यात येते.

साल बहुतेक वेळा चुकतं. थेट विचारण्यापेक्षा खुणा द्या. कोकण रेल्वे (१९९८) धावायला लागली होती का? शिमग्याआधी की नंतर? आंबा उतरला होता का? दापोली-श्रीवर्धनकडे निसर्ग वादळ (जून २०२०), सिंधुदुर्गात तौक्ते (मे २०२१) या खुणा पक्क्या. एकाच जागी पुन्हापुन्हा शूटिंग झालं असेल तर जास्त जपा. सिंधुदुर्गातल्या आकेरीत 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेची पर्वं २०१६, २०१९ आणि २०२१ मध्ये सुरू झाली. सांगणाऱ्याच्या मनात ती एकमेकांत मिसळलेली असतात. वाड्यात शेवंताला बघितल्याचं कुणी सांगितलं, तर ते पहिल्या पर्वाचं नव्हे; हे पात्र दुसऱ्या पर्वात आलं.

चित्रपट आधी दाखवू नका. गुहागरला 'किल्ला'बद्दल विचारायचं तर पहिल्या भेटीत फक्त ऐका, दृश्यं दुसऱ्या भेटीत. पडद्यावरचं एकदा पाहिलं की माणूस तेच स्वतः पाहिल्यासारखं सांगू लागतो. चारचौघांत बसवूनही हेच होतं: मोठ्या आवाजाच्या माणसाची आठवण सगळ्यांची होते. आधी एकेकट्याला गाठा, गप्पांची बैठक नंतर.

रेकॉर्डिंगला साधा मोबाइल पुरतो, पण फ्लाइट मोडवर टाका आणि जमल्यास वेव्ह फाइल (आवाज न दाबता साठवणारी) ठेवा; मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटवर तासाला सुमारे ३२० एमबी लागतात. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर, जाड कापडावर. पंखा बंद. पडवीत वारा थेट माइकवर येतो आणि पत्र्यावरचा पाऊस तर शब्दच गिळतो, म्हणून माजघरात बसा. सुरुवातीला तारीख, गाव, वाडी आणि संमती स्वतःच्या आवाजात नोंदवा. लिहून काढताना मालवणी मालवणीच राहू द्या. "इलो"चं "आला" करू नका.

फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा. आपल्याकडच्या दमट हवेत जुने फोटो फ्रेमच्या काचेला चिकटतात. ते ओढून काढलेत तर चित्राचा थर काचेवरच राहील. काचेसकट, तिरप्या उजेडात, चमक टाळून फोटो काढा. मागे लिहिलेलं वाचता येत असेल तर त्याचाही.

पैसे बुडाले, जागेवरून भाऊबंदकी झाली, असं बोलण्यात येतंच. ते पुसू नका, पण चारचौघांत लावायच्या आधी त्या माणसाला पुन्हा ऐकवा. नाव झाकायचं की तो भाग पाच-दहा वर्षं बंद ठेवायचा, हे त्याला ठरवू द्या आणि तेही नोंदवून ठेवा. मूळ फाइलच्या तीन प्रती करा, त्यातली एक गावाबाहेर ठेवा. सांगणाऱ्याच्या घरी पेन ड्राइव्ह द्याच, आणि मुंबईतल्या मुलाच्या मोबाइलवरही पाठवा. फोटोतल्या अनोळखी चेहऱ्यांची नावं पुष्कळदा तिकडूनच येतात.