नाचाचा दिवस बागेत करायचा असेल तर

व्हीलचेअरवरच्या मुलीपासून वृद्धाश्रमातल्या आजीपर्यंत सगळ्यांना एकत्र नाचता यावं असा दिवस करायचा, तर सगळ्यात आधी बागेचं फाटक बघून या. गुरं आणि दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून बऱ्याच बागांच्या तोंडाशी आडवेतिडवे लोखंडी पाइप लावलेले असतात. त्यातून व्हीलचेअर जात नाही, आणि शेजारचं मोठं फाटक कुलपात असतं. पहिल्या वर्षी आम्ही ढोल, खुर्च्या, सरबत सगळं वेळेवर आणलं, पण व्हीलचेअरवरची एक मुलगी वीस मिनिटं बाहेर थांबून आतली लेझीम ऐकत राहिली. किल्ली माळीदादांकडे होती आणि ते सुट्टीवर होते. आता यादीची पहिली ओळ तीच: किल्ली कुणाकडे आहे, दुसरी किल्ली कुणाकडे आहे, तासभर आधी येऊन कुलूप कोण काढणार.

त्याच फेरीत फाटकापासून नाचाच्या जागेपर्यंत रिकामी व्हीलचेअर स्वतः ढकलत न्या. पेव्हर ब्लॉक कुठे उचकटलेत, पायरी कुठे आडवी येते, स्वच्छतागृहात खुर्ची वळते का, हे तेव्हाच कळतं. पायरीवर फळी टाकायची तर ती उंचीच्या बारापट लांब हवी, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. आदल्या दिवशी हिरवळीला पाणी घालू नका असं माळीदादांना सांगून ठेवा. ओल्या मातीत चाकंही रुततात आणि कुबड्याही.

परवानगीसाठी महापालिकेच्या उद्यान विभागाचं पत्र घ्या आणि ते घेऊन पोलीस ठाण्यात जा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लेखी परवानगीशिवाय ध्वनिक्षेपक लावता येत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि जवळ रुग्णालय किंवा शाळा असेल तर शांतता क्षेत्राची चौकशी आधी करा. मला विचाराल तर डीजे नकोच. छोटा स्पीकर आणि एक ढोल पुरे.

जागतिक नृत्यदिन १९८२ पासून २९ एप्रिलला साजरा होतो, पण आपल्याकडच्या उन्हात तो दिवस धरून बसू नये. फेब्रुवारीतला रविवार बरा, आणि वेळ संध्याकाळी ४.३० ते ६.३०. आम्ही आधी सकाळची वेळ ठेवायचो. मग लक्षात आलं की आसपासच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणाऱ्या मावशींची तीच कामाची वेळ असते.

आमंत्रण प्रत्यक्ष जाऊन द्या, आणि महिनाभर आधी. कर्णबधिर मुलांची शाळा, वृद्धाश्रम, वस्तीतली भजनी मंडळं, तृतीयपंथी मैत्रिणी, या सगळ्यांना तयारीच्या बैठकीलाच बोलवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार नोंदले आहेत. प्रत्येकाची गरज आपल्याला घरी बसून ओळखता येणार नाही. म्हणून नोंदणीच्या कागदावर एकच प्रश्न ठेवा: तुम्हाला नाचता यावं यासाठी आम्ही काय करावं? स्त्री-पुरुष असा रकाना लागत नाही, तशा वेगळ्या रांगाही लागत नाहीत.

आता नाच. लेझीम बसूनही छान खेळता येते. मात्र लोखंडी लेझीम आजीच्या मनगटाला जड जाते, तेव्हा थोड्या हलक्या लेझमी मिळवून ठेवा. फुगडी खुर्चीवरच्या मैत्रिणीबरोबरही घालता येते, फक्त तिची खुर्ची तिला विचारल्याशिवाय कुणी फिरवायची नाही. गोफात प्रत्येकाच्या हातात मधल्या खांबाला बांधलेली दोरी असते, त्यामुळे अंध साथीदाराला खांबाची दिशा दोरीच्या ओढीवरून कळते. तारपा या वारली फुंकवाद्यावरच्या नाचात एकमेकांच्या कमरेत हात गुंफून साखळी चालते, त्यामुळे ज्याला दिसत नाही त्यालाही शेजाऱ्याच्या अंगातून वळण कळतं. मला हा नाच या दिवसासाठी सगळ्यांत जवळचा वाटतो. पालघरकडून तारपावादक बोलावलात तर येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन आधीच ठरवा. वारकऱ्यांची पावली शेवटी ठेवा, तोवर बुजलेले लोकही उठलेले असतात.

शिकवणाऱ्याला आधीच सांगा, "असं करा" म्हणायचं नाही, "उजवा पाय पुढे, मग टाळी" असं म्हणायचं. सांकेतिक भाषेच्या दुभाषीताईंना पश्चिमेकडे तोंड करून उभं करा. सूर्य त्यांच्या पाठीशी आला तर हात आणि चेहरा काळवंडतात आणि समोरच्यांना काही दिसत नाही. कर्णबधिर मुलांना ढोलाच्या अंगावर तळहात ठेवू द्या. ठेका पोचला की त्यांचे चेहरेच सांगतात.

स्पीकरपासून लांब, झाडाखाली चटया टाकून एक शांत कोपरा करा. गोंगाट सोसत नाही अशा मुलांसाठी तो लागतोच, आणि दमलेल्या आजोबांनाही तो लागतो. कशानंतर काय होणार ते चित्रांनी एका फळ्यावर लावा, म्हणजे स्वमग्न मुलांना अचानक काही सामोरं येत नाही. पाणी, प्रथमोपचार पेटी, हात टेकायला दांड्या असलेल्या खुर्च्या, कपडे बदलायला पडद्याची जागा. फोटो विचारूनच काढायचे, लहान मुलांचे पालकांना विचारून.

संपल्यावर कागद-पेले उचला, फळ्या काढा आणि शेवटची व्हीलचेअर रिक्षात चढेपर्यंत कुणीतरी फाटकाशी थांबा. मग कुलूप लावून किल्ली माळीदादांच्या हातात द्या, आणि पुढच्या वर्षी त्यांची सुट्टी कधी आहे ते तेव्हाच विचारून घ्या.