खानापूर-हल्याळच्या रानात संशोधन करताना

ऑस्ट्रेलिया, कॅनडात ही जमीन मूळची कुणाची, हे प्रबंधात आधीच नमूद करायची पद्धत रूढ झाली आहे. कर्नाटकातल्या आपल्या पट्ट्यात (बेळगाव जिल्ह्यातलं खानापूर, उत्तर कन्नडातलं हल्याळ) त्या धर्तीवर नुसते ‘आदिवासी बांधवांचे आभार’ मानले, तर ते अपुरं आणि चुकीचंही ठरतं. सिद्दी (आफ्रिकी वंशाचा समाज) अनुसूचित जमातीत आहेत : उत्तर कन्नडातले 2003 पासून, बेळगाव-धारवाडचे 2020 पासून. गवळी धनगर आणि कुणबी यांना कर्नाटकात तो दर्जा नाही. तेव्हा समाजाचं आणि वाडीचं नाव घ्या, रानावरचा त्यांचा वावर (चराई, मध, देवराई) सांगा आणि तो मजकूर वाडीत वाचून दाखवल्यावरच छापा.

भीमगड अभयारण्यात अभ्यासासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो. माणसांची संमती वेगळी : आधी वाडीची बैठक, मग एकेक घर. एका पंचायतीत अनेक वाड्या असतात, त्यामुळे अध्यक्षांच्या सहीवर भागत नाही. इंग्रजी कागदावर घेतलेला अंगठा ही संमती नव्हेच. गवळीवाड्यावर मराठीत, कुणबी-सिद्दी घरांत कोंकणीत समजावा आणि होकार ध्वनिमुद्रित करा. गुरांची धार काढायच्या वेळी जाऊ नका. बुडालेल्या रोजाची तरतूद प्रस्तावातच हवी.

सगळ्यात जपायचं ते वस्तीच्या वयाला. रानातल्या वास्तव्याचा आणि शेतीचा हक्क देणाऱ्या 2006 च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा वास पुरतो. इतरांना त्याआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, दाखवावी लागतात. गवळ्यांचे वाडे रानातल्या रानात हलत आले. ‘इथं कधीपासून?’ विचारलं की माणूस आत्ताच्या वाड्याचं साल सांगतो. ‘वस्ती चाळीस वर्षांची’ असं तुम्ही लिहिलंत, तर त्यांचा वनहक्काचा दावा तिथंच अडकू शकतो. त्यापेक्षा विचारा : याआधी गोठे कुठं होते? आजा-पणजाला कुठं माती दिली? जुना देव कुठला? प्रत्येक जागा पिढीसकट नोंदवा.

दाव्याला एकाहून जास्त पुरावे लागतात. जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान, दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब आणि नामांकित संस्थांचं संशोधनही त्यात चालतं. म्हणून वंशावळी आणि जबाबांची प्रत, सांगणाऱ्यांच्या परवानगीनं, ग्रामसभेच्या वनहक्क समितीला द्या. पदवी मिळेपर्यंत थांबू नका.

वनहक्काची मंजुरी न मिळालेल्या शेताचे किंवा मधाच्या झाडाचे जीपीएस आकडे मात्र छापू नका. त्यावरून वनखात्याचा गुन्हा दाखल होतो तो वाडीतल्या माणसावर. नाव लपवायचं की द्यायचं, हेही ज्याचं त्याला विचारा. औषधी झाडपाला सांगणाऱ्या आजीला आपलं नाव छापून यावं असं वाटू शकतं.